धाकट्याची गाठ

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर आजकाल मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरून घेते. त्यातून घोटाळेच जास्त होतात. म्हणून ठरवलं, यापुढे आपलं पत्रच बरं.

मुख्य बातमी अशी की बाइंडिंगचं दुकान मी बंद केलं. आपल्या नानांच्या वेळचा तो अवजड प्रेस शाळेच्या ग्रंथालयाने नेला. चार माणसं लागली उचलायला, आणि मी पाचवी, सूचना द्यायला. त्यानंतर दोन दिवस नुसती खिडकीत बसून होते. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढले (पडले नाही, आधीच सांगते) आणि माझी मासेमारीची काठी खाली काढली. अकरा वर्षं झाली रे तिला हात लावून. वेष्टण सोडलं तर वार्निशचा तोच वास. पण चाकावरची दोरी जिलेटिनसारखी चिकटून बसली आहे, ओढली की पापुद्रे निघतात.

तर मला पुन्हा नदीवर जायचं आहे. मे महिन्यात हंगाम उघडतो. नवी दोरी घ्यायला हवी, नवे लीडर घ्यायला हवेत. आपल्या गावातलं मासेमारीचं दुकान कधीच बंद पडलं, तिथे आता चष्मे मिळतात. तू शहरात आहेस, तुला यातलं कळतं, तेव्हा कुठली दोरी नि कुठला लीडर ते नीट लिहून कळव. पूर्वी हे सगळं नाना बघायचे, मग तू बघायचास. मी फक्त पाण्यात उभी राहायची आणि मासा लागला की ओरडायची.

एक अडचण आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. माशाला फसवायची ती पिसांची खोटी माशी मला दिसते, पण तिच्या गळाचं ते इवलंसं भोक काही दिसत नाही. धागा कोण ओवणार आणि गाठ कोण मारणार, हा प्रश्नच आहे. सहज सांगितलं.

टपालवाली बाई म्हणाली, पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली आपला हेडमास्तर, तो थोराड मासा, अजून आहे. तोच असेल की त्याचा नातू, कोण जाणे. पण तसाच एका जागी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची हजेरी घेतो म्हणे. यावेळी त्याला गाठायचंच. फक्त धाकट्याची गाठ नको म्हणजे झालं!

भावजयबाईंना आशीर्वाद. चिमणीला म्हणावं, आत्याला विसरलीस का.

लोभ होता तेवढा ठेव, वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझी,
ताई

* * *

ता. २० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माळ्यावर पुन्हा चढू नकोस. दुकान बंद केल्याचं वाचून कसंसंच झालं, पण तुझ्या पाठीला बरं.

विचारलंस म्हणून लिहितो. काठीच्या मुठीजवळ ५ आकडा आहे, तेव्हा दोरीही पाच नंबरचीच घ्यायची. सहाची घेतलीस तर काठी वाकून वाकून दमेल, चारची घेतलीस तर पुढे काही बांधलंय हेच तिला कळणार नाही. दोरी तरंगणारी हवी. त्यातही दोन जाती असतात. एक पुढून जड, लांब फेकायला. दुसरी दोन्ही टोकांना निमुळती, पाण्यावर अलगद उतरणारी, आणि एक टोक झिजलं की उलटून दुसरं वापरता येतं. तू ही दुसरी घे. लांब तू फक्त शब्द फेकतेस, दोरी नाही.

आता लीडर. जाड दोरी थेट माशीला बांधली तर मासा पळतो. म्हणून मध्ये नऊ फुटांचा पारदर्शक निमुळता धागा लागतो, तो लीडर. दोरीकडून जाड, माशीकडे बारीक होत जाणारा. चामडं पुठ्ठ्यावर चढवण्याआधी कडेला तासून पातळ करतेस ना, कुठे उंचवटा दिसू नये म्हणून? तेच तत्त्व. हाताचा जोर न अडखळता टोकापर्यंत जायला हवा. त्याच्या टोकाला हातभर आणखी बारीक धागा जोडतात, तो टिपेट. त्याचे नंबर उलटे असतात. आकडा मोठा तितका धागा बारीक, आपल्या शिवणदोऱ्यासारखाच. तुला ५ एक्स पुरे. हेडमास्तरसाठी ४ एक्स.

जुनं सामान टाकून देऊ नकोस. पार्सल कर, काय वापरण्याजोगं आहे ते बघतो.

गाठीचं मात्र मला विचारू नकोस. तू सहज लिहिलंस, मीही सहज लिहितो. अकरा वर्षांपूर्वी हेडमास्तर तुझ्या गळाला लागला आणि टिपेट तुटला. तो टिपेट मी बांधला होता. मासा गेला याचं तुला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण काठावर सगळी चुलतभावंडं बसलेली असताना तू म्हणालीस की एवढी एक गाठ, तीही याला मारता येत नाही. तिथेच संपलं असतं तर मी विसरलो असतो. पण मग कुणाची चप्पल तुटली, धाकट्याची गाठ. कुणाचं लग्न मोडलं, धाकट्याची गाठ. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात माइकची वायर निघाली तेव्हा तू भर सभेत तेच म्हणालीस आणि व्याह्यांना पहिल्यापासून गोष्ट सांगितलीस. सगळे हसले, मीही हसलो. मी कवळ्या करणारा माणूस आहे, ताई. लोक माझ्या हातांवर भरवसा ठेवून तोंड उघडतात.

असो. मी नदीवर जाणं केव्हाच सोडलं आहे, हे तुला माहीत आहेच. सामान निवडून देईन, पण गाठी मारायला येणार नाही.

हिचा नमस्कार. राग नाही, लोभ आहे.

धाकटा

* * *

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र तीन वेळा वाचलं, भिंगाने. तुझ्या नाकाला एवढ्या मिरच्या झोंबतील असं वाटलं नव्हतं. अरे, घरातली थट्टा ती. थट्टा करायची नाही तर भाऊ कशाला असतात? तरी पण लग्नातलं जरा जास्त झालं असेल. तेवढं मानते.

बाकी खरं ते खरं. त्या दिवशीचा तुटका लीडर मी अजून दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. हातच्या कंकणाला आरसा कशाला! पण जाऊ दे, तो विषय काढत नाही.

पार्सल पाठवते आहे. जुनी दोरी, दोन चाकं, माश्यांची डबी (कसरीने निम्म्या खाल्ल्या, आता नुसते गळ नि थोडी मिशी उरली आहे) आणि टिपेटचं एक रीळ. तसलंच दुसरं रीळ माझ्याकडे ठेवलंय, काही बांधाबांधीला होतं. रिळांना काही झालं नसणार, नानांच्या शिस्तीप्रमाणे पूर्वेच्या खिडकीतल्या खिळ्यावर शिवणदोऱ्याच्या लडींबरोबर टांगलेली असतात, सकाळचं ऊन पडेल अशी. दोऱ्याची वैरीण ओल, हे नाना म्हणायचे ते मी चाळीस वर्षांत एकदाही मोडलं नाही. तो प्रसंग घडला त्याच्या आधीही दोन-तीन वर्षं ती तिथेच होती.

डोळ्याचं ऑपरेशन चोवीस तारखेला ठरलं. आधी उजवा. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहे आणि मला आजी म्हणते. मी तिला म्हटलं, हंगाम उघडायच्या आत दिसायला लागलं पाहिजे. तिला वाटलं आंब्याचा की कसला हंगाम. मग तिला ट्राउट मासा समजावून सांगावा लागला, म्हणजे तो कसा पकडायचा, हातात घेऊन कसा बघायचा आणि पुन्हा पाण्यात कसा सोडायचा. शेवटी ती विचारते, सोडायचाच तर पकडायचा कशाला? याचं उत्तर तुला नि मलाच माहीत.

ऑपरेशननंतर महिनाभर तरी जवळचं दिसणार नाही म्हणतात. तेव्हा कुणी चार दिवस येऊन राहिलं, दोन-चार गाठी मारून दिल्या, तर आभाळ कोसळणार नाही. बघ.

रागावला असशील तर थोडा कमी रागाव. लोभ आहेच.

ताई

* * *

ता. १९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. चाकं उत्तम आहेत, तेल दिलं की झालं. दोरीला भेगा गेल्या आहेत, ती टाकून दिली. माश्यांचं कसरीने सोनं केलं.

सोबत नवी दोरी पाठवतो आहे. पाच नंबरची, तरंगणारी, दोन्ही टोकांना निमुळती. रंग फिकट पिवळा घेतला, म्हणजे पाण्यावर तुला दिसेल. सहा लीडर आहेत, नऊ फुटी. ४ एक्सचं आणि ५ एक्सचं एकेक टिपेटचं रीळ आहे. दुकान एका बाईंचं आहे. मी तासभर लीडर बोटांत धरून बघत होतो, पण त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, किती वर्षांनी परत येताय? मी म्हटलं, बहिणीसाठी घेतोय.

लीडर वापरण्याआधी दोन्ही हातांत धरून सावकाश ताण, म्हणजे वेटोळी जातात. गाठ आवळण्याआधी थुंकी लाव. कोरडी आवळलीस तर धागा तापून कमजोर होतो.

आणखी एक. नवी रिळं खिडकीत टांगू नकोस. टेबलाच्या खणात, डबीत घालून झाकून ठेव. तुझ्याकडचं जुनं रीळ आहे ना, ते वापरू नकोस, फेकून दे. कारण काही विशेष नाही. मी सांगतो म्हणून.

ऑपरेशनला चिमणी येईल, तिने रजा टाकली आहे. मला लॅबमध्ये काम फार आहे, शिवाय मी येऊन काय करणार? डॉक्टरीणबाईंचं ऐक. आणि थट्टेबद्दल मी गेल्या वेळी जरा जास्त लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. गोष्ट तू छान सांगतेस, सगळे हसतात. हसू देत.

हिचा नमस्कार. लोभ काही कमी झालेला नाही.

धाकटा

* * *

ता. ३ मे

ती. आत्यास सा. न.

घरी सुखरूप पोचले. डोळ्यात थेंब चार वेळा घालायचे आहेत, तीन वेळा नाही. मी शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यामुळे थाप मारून उपयोग नाही.

तुझ्याकडे असताना ओठांवर आलेली एक गोष्ट मी गिळली, ती आता लिहिते. बाबा तुला काय लिहितात ते मला माहीत नाही, पण ते ताकास तूर लागू देत नसणार. म्हणून ऐक. दर रविवारी सकाळी ते इमारतीमागच्या पार्किंगमध्ये त्यांची जुनी काठी घेऊन जातात. ती त्यांनी कपाटामागे ठेवली होती, आईला वाटायचं पडद्याचा दांडा आहे. टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधतात आणि स्कूटरच्या सीटवर नेम धरून टाकतात. पहिल्या रविवारी लोकर वॉचमनच्या टोपीत अडकली. आता वॉचमन गुण देतो. परवा दहापैकी आठ मिळाले, तर बाबांनी दिवसभर आम्हाला चारदा सांगितलं.

आणि जेवायच्या टेबलाच्या पायाला गाठी! जाड धागा, बारीक धागा, पिळाच्या गाठी, दुहेरी गाठी. मारतात, ओढतात, भिंगाखाली बघतात, पुन्हा मारतात. आई म्हणते, टेबल आता चालायला लागेल. तुझ्यासाठी लीडर घ्यायला गेले तेव्हा तीन संच आणले. एक तुला पाठवला, दोन कुणासाठी ते मी विचारलं नाही.

एक मात्र मला कळलं नाही. तुझं पार्सल आलं त्या दिवशी त्यांनी ते जुनं रीळ काढलं, हातभर धागा घेऊन ओढला. तुटला. दुसरा हातभर, तोही तुटला. असं सात-आठ वेळा केलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि संध्याकाळभर खुर्चीत बसून राहिले. जेवायला उठेनात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, या वयात ताईकडून तिची गोष्ट काय काढून घ्यायची. आणि तुला काही कळवायचं नाही अशी मला शपथच घातली. मी ती मोडते आहे, कारण अर्थ मला समजलेला नाही आणि तुला कदाचित समजेल.

थेंब चार वेळा!

तुझीच,
चिमणी

* * *

ता. २४ मे

चि. धाकट्या,

आज आशीर्वाद लिहायची माझी योग्यता नाही, म्हणून तो शेवटी लिहीन, तुला हवा असला तर.

काल नवा चष्मा मिळाला. दुकानातून बाहेर आले आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत घरी आले, मोठ्याने, वेड्यासारखी. घरात आल्यावर पहिल्यांदा तू पाठवलेली डबी खणातून काढली. आतल्या चिठोऱ्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती, तीही वाचता आली. त्यात लिहिलं होतं की हा धागा उन्हात ठेवू नये, उन्हाने कुजतो. मी ती ओळ तीनदा वाचली. मग खिडकीकडे बघितलं. खिळ्यावर जुनं रीळ सकाळच्या उन्हात मस्त चमकत होतं.

त्याचा हातभर धागा काढून ओढला. ओढला कसला, नुसता ताणला, तर तुटला. तुझ्या नव्या रिळाचा तसाच ओढला तर बोट कापलं, धागा शाबूत. मग चिमणीने लिहिलेलं सगळं लख्ख समजलं. तिला रागावू नकोस, तिने पोटात ठेवलं नाही हे चांगलं केलं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. मी दुकानात गेले आणि भिंतीवरचा तो तुटका लीडर खाली काढला. अकरा वर्षं मी तो लोकांना दाखवते आहे. एकदाही हातात घेऊन बघितला नव्हता. कशाला बघायचा? मला माहीतच होतं ना! काल पहिल्यांदा चष्मा लावून, दिव्याखाली धरून बघितला. धाकट्या, तुझी गाठ तिथेच आहे. पाच पीळ इकडे, पाच पीळ तिकडे, नानांनी शिकवली तशी. जराही सरकलेली नाही. धागा तुटलाय तो गाठीच्या वीतभर खाली. माझ्या खिडकीतल्या, माझ्या उन्हातल्या धाग्याचा तुकडा तुटला, आणि तुझी गाठ माझ्याच भिंतीवर अकरा वर्षं घट्ट बसून माझी बडबड ऐकत होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला, तीही हयातभर. मला फार लाज वाटते. पत्रात लिहिणं सोपं आहे म्हणून लिहीत नाही, तू समोर असतास तरी बोलले असते.

लिननच्या दोऱ्याला ओल मारते आणि ऊन राखतं. नायलॉनचा धागा त्या दोऱ्याच्या शेजारी टांगला की तोही बाइंडिंगचाच होतो, असं मी धरून चालले. आपल्या घराबाहेर कुणीही ही चूक केली नसती.

आता केलंय काय ते सांगते. ज्या ज्या घरी मी ती गोष्ट सांगितली, त्या सगळ्यांची यादी केली. एकोणीस घरं झाली. काल आणि आज मिळून एकोणीस कार्डं लिहिली, तुझ्या व्याह्यांनाही. मजकूर एकच आहे: अकरा वर्षांपूर्वी हेडमास्तर निसटला तो धाकट्याच्या गाठीमुळे नाही, माझ्या हलगर्जीमुळे. धागा मी उन्हात कुजवला होता. गाठ आजही जशीच्या तशी आहे, कुणाला बघायची असल्यास घरी यावे. ही गोष्ट मी तुम्हाला जितक्यांदा सांगितली असेल, तितक्यांदा तुम्ही ही दुसरी सांगा. दुपारी स्वतः जाऊन पेटीत टाकली.

आणखी एक सांगायचं राहिलं. आता मला गळाचं भोक दिसतं. आज सकाळी पाच माश्या बांधल्या, पाचही बसल्या. तेव्हा गाठी मारायला मला कुणाची गरज नाही. इतके दिवस डोळ्यांचं निमित्त करून तुला बोलावत होते, ते निमित्तही संपलं. म्हणून सरळ विचारते. नदीवर मला एकटीला जायचं नाही. गेल्या अकरा वर्षांत गेले नाही ते धाग्यावाचून किंवा दोरीवाचून नाही, तू नव्हतास म्हणून. येशील का?

नाही आलास तरी समजेन. अनेक आशीर्वाद, घेतलेस तर.

ताई

* * *

ता. १ जून

ती. ताईस शि. सा. न.

आशीर्वाद घेतले. असल्या बाबतीत मी मानपान बघत नाही.

तुझं पत्र मी लॅबमध्ये उघडलं, ही चूक झाली. समोर एक गृहस्थ कवळीचं माप द्यायला तोंड उघडून बसले होते आणि मी चष्मा पुसत उभा. त्यांना वाटलं, त्यांच्या हिरड्यांची अवस्था फारच वाईट आहे. बिचारे घाबरून गेले.

मला एप्रिलमध्येच कळलं होतं, हे खरं. रीळ एका बाजूने पिवळं पडलेलं, दुसऱ्या बाजूने पांढरं. दुकानातल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, कुणी खिडकीत ठेवलं होतं का? तुला कळवलं नाही याचं कारण मी स्वतःलाही नीट सांगू शकत नाही. थोडा मोठेपणा असेल. पण खरं कारण असं की मला तुझ्यावर विजय नको होता. मला फक्त कळायला हवं होतं, आणि कळलं.

तू एकोणीस घरांना लिहिलंस, तर मीही एक लिहितो, जे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. ती गाठ मी नीट मारली होती की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घाई होती, हात गार पडले होते, थुंकी लावली की नाही आठवत नव्हतं. तुम्ही सगळे हसायचात तेव्हा राग यायचा तो एवढ्यासाठी की कदाचित तुमचंच खरं असेल. अकरा वर्षं कवळीची प्रत्येक तार मी तीन-तीनदा ओढून बघतो. लॅबमधले म्हणतात, साहेब फार काटेकोर. काटेकोर कसला, घाबरट झालो होतो. ज्या दिवशी तो धागा सात-आठ वेळा तुटला, त्या दिवशी मला माझे हात परत मिळाले. जेवण गेलं नाही ते त्यामुळे. चिमणीला वाटलं, मी दुःखी आहे.

नाना असते तर दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून दिली असती. मी तुझ्याजागी असतो तर मीही ते रीळ त्याच खिळ्यावर टांगलं असतं, हेही लिहून ठेव.

आठ तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या बसने येतो. सोमवारपर्यंत राहीन. लीडरचे दोन संच आहेत, काळ्या कागदात गुंडाळून आणतो. अट एकच. हेडमास्तरवर पहिली माशी मी टाकणार. वॉचमनने परवा दहापैकी नऊ दिले आहेत.

लोभ असावा असं दरवेळी लिहितो, यावेळी तो आहे असं लिहितो.

धाकटा

* * *

ता. १६ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आता मोजून मापून नाही, ओंजळभर.

वि. वि. तुझी बस वळणाआड गेल्यावर मी घरी आले आणि आधी ओले बूट वाळत घातले. (सावलीत. हसू नकोस.) गुडघा दुखतोय, खांदा दुखतोय, आणि आरशात नाक सोललेलं दिसतंय. इतकं बरं वाटायला बरीच वर्षं लागली.

चिमणीने खुलासा मागितला आहे की दोन अनुभवी माणसं तीन दिवसांत एकही मासा न पकडता परत कशी आली. मी तिला लिहिलं की पहिली माशी वॉचमनच्या पट्टशिष्याने टाकली, ती हेडमास्तरच्या नाकासमोरून गेली, त्याने तिच्याकडे पाहिलं, नापास केलं, आणि ती पुढे वाहत जाऊन बुडालेल्या ओंडक्यात रुतली. मग शिष्याने ओढलं. मग शिष्याच्या थोरल्या बहिणीने ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं, आणि दोघंही कमरेएवढ्या पाण्यात बसले, पण ती गाठ काही सुटेना. हेडमास्तर खांबाजवळून सगळं बघत होता. तू पोहत जाऊन दाताच्या कात्रीने धागा कापून आणलास तेव्हा मी काठावर हसून हसून रडत होते, की रडून रडून हसत होते, मला सांगता यायचं नाही. अशी हसले त्याला अकरा वर्षं झाली.

तू कापून आणलेला तुकडा, गाठीसकट, मी पुसून घेतला. दुकानाच्या भिंतीवरचा खिळा रिकामा होता, तिथे काळा पुठ्ठा लावला, त्यावर जुनी आणि नवी अशा दोन्ही गाठी शेजारी शेजारी शिवल्या. खाली पुस्तकाच्या पाठीवर छापायचो त्या सोनेरी अक्षरांत तुझं नाव नाही घातलं. काय घातलं ते येऊन बघ. उन्हाची तिरीप तिथे पोचत नाही, मी दिवसभर बसून खात्री केली.

कार्डांना उत्तरं येऊ लागली आहेत. व्याह्यांनी लिहिलंय की ते माइकच्या वायरीबद्दल जाहीर माफी मागायला तयार आहेत, वायर त्यांच्याच माणसाने लावली होती. थोरल्या चुलतभावाचं पत्र काल आलं. त्याच्या नातीच्या दप्तराचा पट्टा दोनदा तुटला, म्हणून तो तिला घेऊन शिंप्याकडे गेला होता. मुलगी सात वर्षांची. घरात आपलं कार्ड मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा ती होती म्हणे. शिंप्याने विचारलं, कशी शिवण घालू? तर ती त्याला म्हणाली, धाकट्याची गाठ मारा, म्हणजे कधी तुटणार नाही. शिंप्याला काही कळलं नाही, म्हणून चुलतभावाने तिथेच उभं राहून त्याला ही दुसरी गोष्ट सांगितली.

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि तुला लिहायला बसले.

तुझी काठी इथेच दाराआड राहिली आहे. विसरलास असं मी समजत नाही. पार्सलने मागवू नकोस, मला आता पार्सल बांधता येत नाही, माझ्या गाठी सुटतात. हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. दर शुक्रवारी दुपारची बस मी बघत असते.

भावजयबाईंना सांग, टेबल चालायला लागलं तर इकडे पाठवून दे.

तुझी,
ताई